हौसाक्काची सावड

हौसाक्का कुणाच्या घरी चहा प्यायली की कपबशी विसळल्याशिवाय उठायची नाही. घरच्या बाईनं हात धरला तरी सोडवून मोरीत जायची. विळा मागून नेला तर धार लावून परत करायची. एकदा माझ्या सुनेनं तिला एसटीत उठून जागा दिली, तर तिसगाव येईपर्यंत हिनं सुनेची जड पिशवी मांडीवर धरली आणि उतरताना म्हणाली, "घे, फिटलं." सून घरी येऊन हसत होती. मी हसले नाही. मला सवय होती.

ती माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी. आमची घरं एका बोळात आणि रानं एका बांधाला. ती सातवी शिकलेली, मी चौथी. उंच, काटकुळी, आवाज असा की वेशीत बोलली तर मळ्यात ऐकू यावं. आधी बालवाडी, मग अंगणवाडी, असं आयुष्य तिनं लहान पोरांत काढलं, तरी पोरांशी गोड बोलणं तिला कधी जमलं नाही. मलाही गोड बोलता येत नाही. त्यामुळं आमचं जमलं.

हे मी कॉम्प्युटरवर लिहिते आहे, तो तिचाच. मला तिनं शिकवलं. चौथी झालेली म्हातारी मराठी टाइप करते याचं लोकांना कौतुक वाटतं. मला वाटत नाही. या यंत्रापुढं बसलं की मला ओशाळल्यासारखं होतं. मी काही कुणाचं वाईट केलेलं नाही, तरी होतं. हा रोग हौसाक्काचा. तिच्याकडून मला लागला.

तिच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांत पोरांची वजनं, उंची, खाऊ, सगळं मोबाईलमध्ये भरायचं आलं. तिला ते जमेना. शेजारच्या गावची सेविका तिचं भरून द्यायची. हौसाक्का दर खेपेला तिच्याकडं शेंगा, गवार, काही ना काही घेऊन जायची, तरी तिच्या मनातून जाईना. "दुसरीच्या हातानं नोकरी केली मी," असं म्हणायची. नोकरी संपून ती घरी बसली तेव्हा तिची लेक मंगल, नगरला असते, तिनं जुना कॉम्प्युटर काढून टाकायला घेतला होता. नगरला आता अहिल्यानगर म्हणतात, एसटीच्या पाटीवर तसं लिहिलंय, कंडक्टर मात्र अजून नगरच ओरडतो. हौसाक्कानं तो कॉम्प्युटर पोत्यात गुंडाळून जीपनं आणला. मंगल म्हणाली, "आई, तुला काय करायचंय त्याचं?" हौसाक्का म्हणाली, "जे मला येत न्हवतं ते मला येतं का बघायचंय."

तो काही दिवस चालला आणि बंद पडला. तिसगावच्या दुकानदारानं उघडून पाहिला आणि भंगारात घाला म्हणाला. आमच्या बोळात हायस्कूलचे लांडे सर भाड्यानं राहायचे. विज्ञान शिकवायचे, पन्नाशी उलटलेली, स्वभावानं मऊ. त्यांनी एका पेनड्राइव्हमधून त्यात दुसरी सिस्टीम घातली. लिनक्स म्हणाले. तासाभरात यंत्र चालू झालं, आणि पडद्यावर मराठी आली.

"आधी होती ती सिस्टीम कॉपी मारलेली होती, आक्का," सर म्हणाले. "ही फुकट आहे, आणि चोरीचीही नाही."

"फुकट म्हंजे? सरकारी?"

"सरकारी नाही. जगभरातल्या लोकांनी आपापल्या घरी बसून, आपापल्या वेळात केलीय. एकानं थोडं केलं, दुसऱ्यानं त्यात भर घातली. कुणी मजुरी घेत नाही. आता काही कंपन्यांची माणसं पण करतात, पण पुष्कळ जण असेच."

हौसाक्कानं पडद्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "म्हंजे सावड."

सर शहरातले, त्यांना सावड सांगावी लागली. सावड म्हणजे आज सगळ्यांनी मिळून एकीच्या रानात काम करायचं, उद्या दुसरीच्या, परवा तिसरीच्या. मजुरी नाही. घेतलेला दिवस दिवसानंच फेडायचा. सर खूश झाले. "अगदी तसंच," म्हणाले. "मी वर्गात हेच उदाहरण देतो आता."

"मग आपला दिस कुठला?" हौसाक्कानं विचारलं.

"आपला कसला दिवस?"

"त्यांनी आपल्या रानात काम केलं. आपन त्यांच्याकडं कवा जायाचं?"

सर हसले. "त्यांच्याकडं जायला विमान लागेल, आक्का. असं परत द्यायचं नसतं यात. वापरायचं."

ती हसली नाही. मला बोळात आल्यावर म्हणाली, "सर चांगले हाईत, पर त्यांनी कधी खुरपं धरलं न्हाई."

आता धोंडाबाईचं सांगायला पाहिजे, नाहीतर हे नुसतं विक्षिप्त म्हातारीचं खूळ वाटेल. आम्ही तरण्या होतो तेव्हा आमची तिघींची सावड होती. हौसाक्का, मी आणि वस्तीवरची धोंडाबाई. धोंडाबाई गरीब, नवरा अंगानं अधू, पण हाताला अशी चपळ की आम्ही दोघी अर्ध्यात असताना ती आपली पात, म्हणजे वाट्याची ओळ, संपवून आमच्या पातीत शिरायची. त्या वर्षी बाजरीची सोंगणी, म्हणजे कापणी, आली. आधी हौसाक्काची झाली, मग माझी. तिसरी पाळी धोंडाबाईची. तेवढ्यात हौसाक्काला बालवाडीचा हुकूम आला, नगरला शिकायला ताबडतोब हजर व्हा म्हणून. ती गेली. तिनं जायलाच हवं होतं, मी तेव्हाही तेच म्हणाले. मी धोंडाबाईकडं गेले, पण दोघींनी किती होणार. मध्येच पाऊस आला. अर्धी बाजरी उभीच आडवी झाली, कणसांना मोड आले. दिवाळीनंतर धोंडाबाईचं घर ऊसतोडीला गेलं ते परत गावात आलंच नाही. तिकडंच कुठं राहिले म्हणतात. हौसाक्का नगरहून शिकून परत आली तेव्हा खुरपं घेऊन वस्तीवर गेली होती. तिथं दाराला काटी लावलेली.

"येनारच हुते मी," ती मला म्हणाली होती. "तिला म्हाईत हुतं का गं, मी येनार हाय म्हनून?"

"नसंल," मी म्हणाले. खरं तेच सांगितलं.

त्यावर ती पुन्हा कधी बोलली नाही. पण तिचं विसळणं, धार लावणं, पिशव्या धरणं हे सगळं त्याच्या नंतरचं आहे. आधी ती अशी नव्हती. आधी ती माझ्या घरी दोन-दोन कप चहा पिऊन जायची आणि कप तिथंच ठेवायची.

तर कॉम्प्युटर. शिकायला तिला जड गेलं. माऊस टेबलाच्या काठाला आला की ती तिथंच थांबायची आणि म्हणायची, "रान संपलं." उचलून पुन्हा मध्ये ठेवायचा हे तिच्या ध्यानात यायला फार दिवस लागले. काळ्या खिडकीत पासवर्ड टाकताना अक्षरं उमटत नाहीत, मुद्दाम तसं केलेलं असतं. तिला वाटलं, बटणं मेली. ती बोटानं इतकी ठोकायची की बोळात आवाज यायचा. चिडली की कॉम्प्युटरला नाही, स्वतःला शिव्या द्यायची. "पोरांना मी पट्टी दाखवायची, एवढं येत न्हाई का म्हनून. आता मला दाखवा कुनी तरी."

तिला थोडं आल्याबरोबर तिनं मला धरलं.

"मला कशाला?" मी म्हणाले. "मला शेरडं हाईत."

"शेरडं काय दिसभर पिळतीस का? बस हितं. पाठ सरळ कर."

"माझी पाठ सरळ व्हायची आता जाळतानाच."

"तवर वाकडी बस, पर बस."

ती मला बालवाडीच्या पोरासारखं शिकवायची. चुकलं की हातावर चापट. साठीच्या बाईला चापट. मी एकदा उलट मारली, तेव्हा थांबली. का शिकवतेस असं विचारलं तर म्हणाली, "एकटीनं घेतलं तर एकटीच्या अंगावर ऱ्हातं. तू बी घे." तेव्हा मी गंमत समजले होते.

त्या सिस्टीममध्ये मधूनमधून नवीन सुधारणा येतात, घेता का म्हणून विचारतात. अपडेट. हौसाक्का दर वेळी नाही म्हणायची. मी पाहत होते, पण मला वाटलं, तिला कळत नसेल. मग कितीतरी महिन्यांनी वीजबिलाचं पान उघडेना, गॅसचं उघडेना. लांडे सर आले, पाहिलं, कपाळाला हात लावला.

"आक्का, एकही अपडेट घेतलेलं नाही तुम्ही."

"न्हाई घेतलं."

"का?"

"आधीचं फिटलं न्हाई. आनखी कशाला घेऊ?"

सर माझ्याकडं वळले. ते मला म्हणाले, "मावशी, तुम्ही तरी सांगा." मी म्हणाले, "सर, ती धोंडाबाईची बाजरी सोंगतीये." कसली बाजरी, त्यांनी विचारलं. मग मी त्यांना सगळं सांगितलं. हौसाक्का तिथंच बसली होती, खाली मान घालून, जणू दुसऱ्या कुणाचं चाललंय.

सर वाईट माणूस नाही. त्यांच्या मनाला लागलं. नगरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात अशा सिस्टीमी वापरणाऱ्यांचा आणि बनवणाऱ्यांचा मेळावा होता, तिथं ते आम्हाला घेऊन गेले. बनवणारे येणार एवढंच हौसाक्कानं ऐकलं. ती कामाचं लुगडं नेसून निघाली. मंगल कॉलेजच्या दारात भेटायला आलेली, तिनं पाहिलं आणि म्हणाली, "अगं आई, चांगलं पातळ नाही का नेसायचं?"

"मी काय पाव्हनी म्हनून आले का?"

आत मोठा हॉल, खुर्च्या, पंखे, तरणी मंडळी. हौसाक्का भिंतीकडेला उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायची, "काम कुठं चाललंय?" कुणी म्हणे दुपारनंतर, कुणी म्हणे आजी बसा ना. एकानं पाण्याची बाटली आणून दिली. ती तिनं माझ्याकडं दिली.

मग स्टेजवर तिचं नाव घेतलं. सरांनी आधी सांगून ठेवलं असणार. तिला वर नेलं, खुर्चीवर बसवलं. निवेदन करणाऱ्या मुलीनं तिच्या वयाचं, जिद्दीचं, ग्रामीण भागाचं खूप काही सांगितलं. मग शाल आली आणि श्रीफळ आलं. शाल तिच्या कामाच्या लुगड्यावर घातली, फोटो काढले. दोन शब्द बोला म्हणाले. तिनं माईक हातात घेतला आणि म्हणाली, "माझ्या वाटनीचं काम सांगा. सकाळधरनं बसून हाय." लोक हसले आणि उठून टाळ्या वाजवायला लागले. ती पुन्हा बोलायला गेली, टाळ्या आणखी वाढल्या. तिनं माईक खाली ठेवला.

जिन्यात पुण्याहून आलेली एक दीक्षितबाई भेटली. चाळिशीची असेल. हौसाक्कानं तिचा हात धरला आणि तेच विचारलं. ती बाई हसली नाही, थोडा विचार केला. म्हणाली, "मराठीचं काम अर्धवट पडलंय, आजी. पडद्यावर जी वाक्यं येतात त्यांतली पुष्कळ अजून इंग्रजीतच आहेत. करायला माणसं नाहीत. कराल का?"

"विंग्रजी येत न्हाई मला."

"शेजारी हिंदी दिसतं. त्यावरून करा. अडलं तर सर आहेत."

एसटीत परत येताना हौसाक्का शाल मांडीवर घेऊन बसली होती. घाट उतरेपर्यंत तिच्या घड्या घालत आणि मोडत होती. मग म्हणाली, "एक दिस द्यायला गेल्ते, आनखी एक घेऊन आले." नारळ तिनं ड्रायव्हरला दिला. शाल दुसऱ्या दिवशी सरांच्या घरी नेऊन ठेवली. "कुनाचा तरी सत्कार करतालच तुमी. तवा होईल," म्हणाली. सरांचा चेहरा पडला. मला सरांची कीव आली, पण ती बरोबर होती.

मग ते काम सुरू झालं. सकाळी शेरडांचं आटोपून मी तिच्याकडं जायची. पडद्यावर एक वाक्य यायचं, शेजारी त्याचं हिंदी. ती मोठ्यानं वाचायची, मी काय म्हणते ते विचारायची, आणि मी सांगेन त्याच्या उलट लिहायची. आमची भांडणं व्हायची. नको असलेली फाईल जिथं जाते त्याला तिनं उकिरडा लिहिलं.

"उकिरडा काय लिहितीस? लोक हसतील."

"टाकल्यालं परत काढता येतं का न्हाई त्यातनं?"

"येतं."

"मग उकिरडाच."

लिहिलेलं सगळं पुण्याच्या दीक्षितबाईकडं तपासायला जायचं. परत यायचं तेव्हा प्रत्येकापुढं बरोबरची खूण असायची आणि कधी कधी खाली लिहिलेलं, "खूप छान, आजी." उकिरड्यालाही खूप छान. हौसाक्का सुरुवातीला खूश होती. मग कमी खूश झाली. एक दिवस म्हणाली, "ह्ये वाचत्यात का न्हाई गं?"

"वाचत असतील की."

"मग एक बी चूक कशी न्हाई माझी? मी काय चुकत न्हाई असं हाय का?"

तिनं मग एक गोष्ट केली. 'जपून ठेवा' असं लिहायचं होतं तिथं तिनं मुद्दाम 'टाकून द्या' लिहून पाठवलं. बघू म्हणाली. चार-पाच दिवसांनी ते आलं. बरोबरची खूण. खूप छान, आजी.

ती एकदम उठली आणि माझा दंड धरला. "शेवंते, आता?" म्हणाली. "कुनी तरी आपलं लिहिल्यालं ठेवायला जाईल आन् सगळं पुसून जाईल." मी म्हणाले, "मग कशाला केलंस?" ती म्हणाली, "मला वाटलं, रागवतील." सरांना शाळेत फोन लावला, ते तासावर होते, हिनं तासावरून बोलावून घेतलं. सरांनी पुण्याला कळवलं. ते अजून लोकांच्या कॉम्प्युटरवर गेलेलं नव्हतं, काढून टाकलं. दीक्षितबाईनं फोन केला, त्यात ती आपलीच माफी मागत होती, कामाच्या घाईत आजींचं म्हणून न बघता पास करत गेले म्हणाली. हौसाक्का फोनवर एवढंच म्हणाली, "ती शालच दिली तुमी मला."

तिनं दोन दिवस अन्न खाल्लं नाही. साखरेचं दुखणं असताना. मंगलनं मला फोनवर बोल लावले, मावशी तुम्ही असून कसं झालं म्हणून. मी ऐकून घेतलं. दुसऱ्या बाजूला कुणी रडत असलेलं ऐकायला मला आवडत नाही, मी लवकर फोन ठेवला.

त्यानंतर तिचे डोळे जास्तच गेले. साखर डोळ्यात उतरली होती. नगरला नेऊन डोळ्यात इंजेक्शनं दिली, थोडे दिवस बरं वाटायचं, पुन्हा धुकं. अक्षरं मोठी केली, आणखी मोठी केली, शेवटी पडद्यावर एक वाक्य मावेना. मग मी वाचायची, ती सांगायची, मी टाइप करायची. मी पहिल्यांदा वाद घालायचं सोडलं, तर तिनं मला झापलं. "दोघीत एकीचंच डोकं चालवायचं तर तू गोठ्यात जा."

तिला एवढंच पाहिजे होतं, की तिनं केलेलं काम कामासारखं घेतलं जावं. मला ते समजत होतं, आणि ते देणं माझ्या हातात नव्हतं.

मग तपासायला एक नवा माणूस आला. दीक्षितबाईनं तिकडून काम दुसऱ्यांना वाटून दिलं होतं. या माणसाला हौसाक्का कोण, किती वयाची, कुठल्या गावची, काही माहीत नव्हतं. पडद्यावर फक्त तिचं नाव. त्यानं एका फटक्यात तिची बरीच वाक्यं परत पाठवली, लाल खुणा करून. मी मनातल्या मनात वाचलं. वाटलं, आता हिला काय सांगू. दोन दिवस न खाल्लेलं मी पाहिलं होतं.

"काय आलं?" हौसाक्का म्हणाली.

मी बोलले नाही.

"शेवंते, डोळं माझं गेलेत, तुझं तोंड न्हाई."

मग मी जसं होतं तसं वाचलं. "'दम धरा' हे उद्धट वाटतं. वापरणाऱ्याला दरडावल्यासारखं होतं. 'कृपया प्रतीक्षा करा' असं हवं. 'उकिरडा' चालणार नाही. पुढच्या ओळी घाईत केल्यासारख्या वाटतात, पुन्हा करा."

ती पुढं सरकून बसली. "काय म्हनला? घाईत?"

"घाईत केल्यासारख्या."

"खरं हाय. त्या दिशी तुझी शेळी व्यायली हुती." मग तिच्या तोंडावर जे आलं ते मी फार वर्षांत पाहिलं नव्हतं. "पुन्हा कर म्हनला ना? असं म्हनला?"

"व्हय. लिहिलंय तसं."

"गवत ऱ्हायलं म्हनून पात परत काढायला लावली मला," ती म्हणाली. "रानात धरलं म्हंजे."

मी पदर तोंडाला लावला आणि शेरडांकडं बघायला म्हणून बाहेर जाऊन आले.

त्यानंतर ती त्या माणसाशी भांडलीसुद्धा. प्रतीक्षा तिला मान्य नव्हती. "परतीक्षा पुढाऱ्याची करत्यात. लिही त्याला." मी लिहिलं. तो म्हणाला, दम धरा तरीही नको. शेवटी 'जरा थांबा' वर दोघांचं जमलं. उकिरडा गेला. ती म्हणाली, जाऊ दे, रान त्याचं हाय.

हौसाक्का जाऊन आता वर्ष होत आलं. नगरला मंगलकडं असतानाच गेली. किडन्या थकल्या होत्या. कॉम्प्युटर मंगलनं माझ्याकडंच ठेवला. मी सकाळी बसते, जमेल तेवढी वाक्यं करते. आणि करते ती हौसाक्काच्या नावावर. तिचं खातं उघडंच होतं, मी दुसरं काढलं नाही. लांडे सर म्हणाले, "मावशी, तुमच्या नावानं करा की." मी म्हणाले, आधी तिचं पुरं फिटू द्या. कधी फिटेल, असं त्यांनी विचारलं. मी पुढचं वाक्य उघडलं. पलीकडच्या माणसाला ती गेल्याचं कळवलेलं नाही. तो अजून लिहितो, हौसाबाई, हे पुन्हा पाहा. मी पुन्हा पाहते. पण रोज वापरते मी, वीजबिल माझं, हे लिखाण माझं, अपडेट येतात ते मी घेते, आणि माझ्या नावावर एक ओळ नाही. त्यावर मला टाइप करायला शिकवलं तिनं, तो दिवसही माझ्याच अंगावर. आयुष्यभर आम्ही एकमेकींचं काही ठेवलं नव्हतं. आता तिनं ठेवलं आणि निघून गेली, आणि ते कुठल्या बांधावर नेऊन फेडू हे विचारायला कुणी नाही.

मी तिला शेवटचं पाहिलं ते मंगल तिला न्यायला आली त्या दिवशी. जीप बोळाच्या तोंडाशी उभी. हौसाक्काचे पाय सुजलेले, चपलेत जात नव्हते. मंगल पिशव्या ठेवून आली तर ही कॉम्प्युटरपुढं बसलेली.

"आई, डॉक्टरची वेळ चुकेल."

"एक ऱ्हायलंय. शेवंते, वाच."

परत आलेल्यांतली शेवटची ओळ राहिली होती. मी वाचली. तिनं सांगितली. मी टाइप करायला हात पुढं केला तर तिनं बाजूला सारला. बटणं चाचपून एकेक अक्षर स्वतः दाबलं, मी नुसती चुकलं की नाही ते सांगत होते. एकदा चुकलं. तिनं पुसलं, पुन्हा दाबलं. मंगल दारात उभी राहून घड्याळ बघत होती. पाठवायच्या बटणावर मी माऊस नेऊन दिला. दाबलं तिनं.

"गेलं का?"

"गेलं."

"बघ नीट."

"गेलं, आक्का."

ती उठली. एक हात भिंतीला, एक माझ्या खांद्यावर, अशी बोळातून चालली. जीपमध्ये चढायला ड्रायव्हरनं हात दिला, तो तिनं घेतला. मंगल शेजारी बसली. मी म्हणाले, "लवकर ये." ती काही म्हणाली नाही. मला वाटलं, ऐकू गेलं नसेल. मी वाकून आत पाहिलं. जीप अजून सुरूही झाली नव्हती, आणि हौसाक्का लेकीच्या खांद्यावर मान टाकून, तोंड उघडं ठेवून झोपून गेली होती.